पद्मिनीत ११८ एनईचं इंजिन : माउंटिंग जुळवायचं कसं

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात गडहिंग्लजचा एक मुलगा माझ्या शेडसमोर येऊन उभा राहिला. छोट्या टेम्पोत ताडपत्रीखाली ११८ एनई गाडीचं इंजिन आणि मागं दोरीनं ओढत आणलेली त्याच्या आजोबांची प्रीमिअर पद्मिनी. म्हणाला, "मामा, गाडी प्रीमिअरची, इंजिनबी प्रीमिअरचंच हाय. माउंटिंगचे चार बोल्ट तेवढे मारायचे. सांजच्याला घेऊन जातो."

मी त्याला आधी चहा दिला. मग दोन्ही इंजिनांचे माउंटिंगचे ब्रॅकेट टेबलावर शेजारी ठेवले. भोकांची अंतरं जुळेनात, कोन जुळेना, रबराची उंची जुळेना. तो बराच वेळ नुसता बघत राहिला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी ३२ वर्षं फॅब्रिकेशनचं काम करतो. इंजिन बदललेल्या जुन्या गाड्या त्यात बऱ्याच आल्या आणि सगळ्यात जास्त चुका मी माउंटिंगमध्येच, म्हणजे इंजिन गाडीत धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेट आणि रबरांत, पाहिल्या. गॅरेजात कुणी याला फाउंडेशन म्हणतं, कुणी नुसतं रबर. नाव काहीही द्या, पण बोल्ट बसला म्हणजे माउंटिंग बसलं असं नसतं. इंजिन कुठं बसणार हे आधी ठरवायचं. माउंटिंग म्हणजे त्या जागेपासून गाडीच्या पत्र्यापर्यंत बांधलेला पूल, तो शेवटी बांधायचा. बहुतेक लोक पूल आधी बांधतात आणि मग नदी सरकवायला बघतात.

त्या मुलाची समजूत का चुकली ते आधी सांगतो, कारण ही चूक सगळेच करतात. पद्मिनी म्हणजे मुळातली फियाट ११००. तिचं इंजिन १०८९ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी, क्रँकला (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) तीन मेन बेअरिंग. ११८ एनई ही १९८५ च्या सुमाराला आलेली गाडी, तिची बॉडी फियाट १२४ ची आणि इंजिन निसानचं ए १२. ते ११७१ सीसीचं, बोअर ७३, स्ट्रोक ७०, मेन बेअरिंग पाच. बॉनेटवर नाव एकच, पण घराणी तीन. निसानच्या ब्लॉकवर ब्रॅकेटची भोकं निसाननं आपल्या हिशेबानं पाडलेली आहेत, कुर्ल्याच्या कारखान्यातल्या फियाटशी त्यांचा काही संबंध नाही. ११८ एनईमध्येसुद्धा ती थेट बसलेली नाहीत, तिथंही मध्ये ब्रॅकेट आहेच. म्हणून पहिला सल्ला हा की इंजिन विकत घेताना त्याचे दोन्ही बाजूंचे ब्रॅकेट, रबरं, गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर (आडवा दांडा) आणि सगळे बोल्ट सोबत मागून घ्या. भंगारवाला "ते काय लागतंय" म्हणून कापून टाकतो. ते सगळं लागतं, निदान नमुना म्हणून तरी.

जुनं इंजिन काढायच्या आधी

इथं एक पूर्ण दिवस गेला तरी चालेल. जुनं इंजिन एकदा चेन कप्पीला लटकलं की कारखान्यानं ठरवलेली माहिती कायमची गेली.

गाडी सपाट फरशीवर घ्या, चारही टायरमध्ये बरोबर हवा भरा. क्रँक पुलीच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि फरशीवर खूण करा. तसाच गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून, तसाच मागच्या ॲक्सलवरच्या डिफरन्शिअलच्या फ्लँजच्या (शाफ्ट जोडायच्या चकतीच्या) मध्यातून. खडूनं करू नका, कुणाच्या तरी चपलेनं पुसतो. मी खिळ्यानं ओरखडा काढतो आणि त्याभोवती पांढऱ्या रंगाचा ठिपका देतो. या तीन ठिपक्यांवर दोरी ताणली की इंजिन गाडीच्या मधोमध आहे की एका अंगाला सरकवलेलं आहे ते दिसतं. पुष्कळ गाड्यांत ते मुद्दाम थोडं सरकवलेलं असतं, स्टिअरिंगला जागा मिळावी म्हणून. तुम्ही नवं इंजिन मोठ्या निष्ठेनं बरोबर मध्यावर बसवलंत तर कदाचित स्टिअरिंग बॉक्सच आड येईल.

मग उंची. क्रँक पुलीच्या मध्यापासून फरशीपर्यंत, आणि गिअरबॉक्सच्या टोकापासून फरशीपर्यंत. मग कोन. डिजिटल अँगल गेज घ्या आणि तीन ठिकाणी ठेवा : इंजिनाच्या एखाद्या घासलेल्या सपाट भागावर, प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्यावर), आणि डिफरन्शिअलच्या फ्लँजवर. आकडे पुठ्ठ्यावर लिहा आणि पुठ्ठा भिंतीला टांगा. मोबाइलमध्ये फोटोसुद्धा काढा, पण पुठ्ठा टांगाच, कारण काम करताना हात ग्रीसनं भरलेले असतात.

एक गोष्ट इथं विसरू नका. ३०-४० वर्षांच्या गाडीतलं रबर दबून बसलेलं असतं. म्हणजे तुम्ही मोजलेली उंची ही आजची आहे, कारखान्याची नाही. जुन्या रबराची जाडी व्हर्निअरनं मोजा, तसलंच नवं रबर मिळालं तर त्याची मोजा, आणि फरक उंचीत मिळवा. गडहिंग्लजच्या गाडीत डावं रबर ४ मिमी आणि उजवं तब्बल ९ मिमी बसलं होतं. असं उजवंच का जास्त बसतं, ते पुढं येईल.

जागा आधी

आता नवं इंजिन गिअरबॉक्ससकट आत घ्या, पण पूर्ण जोडलेलं नाही. हेड काढून ठेवा, वजन कमी होतं आणि वरून हात जातो. ऑइल चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) मात्र जागेवर पाहिजे, बेल हाउसिंग (क्लचचं कवच) पाहिजे, मॅनिफोल्डची जागा कळेल इतपत काहीतरी पाहिजे. लाकडी ठोकळ्यांवर आणि पाचरींवर इंजिन ठेवायचं, म्हणजे मिलिमीटर-मिलिमीटरनं हलवता येतं. चेन कप्पी ढिली करून पण अडकवलेलीच असू द्या. माणसाचा हात खाली असताना ठोकळा सरकला तर दुसरी संधी नसते.

आधी मागची बाजू बघा, पुढची नाही. गिअरबॉक्सचं टोक जुन्या ठिपक्याच्या सरळ रेषेत आणा. मग ऑइल चेंबर पुढच्या क्रॉस मेंबरला कुठं भेटतो ते बघा. चेंबरचा खोल भाग पुढं आहे की मागं, यावर अख्खी कन्व्हर्जन (इंजिनाची अदलाबदल) होणार की नाही ते ठरतं. चेंबर कापून नवा करायचा झाला तर आतली तेल ओढायची जाळीही तितकीच वर घ्यावी लागते. जाळी आणि तळ यांत ६ ते १० मिमी अंतर ठेवा. हे विसरल्यानं बेअरिंग गेलेलं इंजिन मी उघडलं आहे.

नंतर स्टिअरिंग पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं फिरवा. रॉड चेंबरच्या, ब्लॉकच्या, सायलेन्सरच्या पाइपच्या किती जवळून जातात ते बघा. नंतर पंखा आणि रेडिएटर, निदान २५ मिमी मोकळे. पद्मिनीत गिअरची दांडी स्टिअरिंगखाली असते आणि ११८ एनईची खालून, बोगद्यातून वर येते. म्हणजे फ्लोअरला भोक पडणार. ते अखंड बाकासारख्या सीटच्या पुढच्या कडेखाली येतंय का, हे आत्ताच बसून बघायचं. पत्रा कापल्यावर नाही.

अंतर मोजायची माझी पद्धत साधी आहे. जुन्या हवाई चपलेचे सोल घेऊन त्यांचे बोटभर तुकडे करतो. सोल साधारण १५ मिमी जाड असतो. इंजिनाभोवती जिथं जिथं काही जवळ येतंय तिथं हा तुकडा सरकवून बघायचा. सहज गेला पाहिजे. रबरावर बसलेलं इंजिन गाडी चालताना १० मिमीपर्यंत सहज हलतं, तेव्हा १५ च्या खाली मी कुठंच जात नाही. बॉनेटखाली एअर क्लीनरवर मात्र सोल ठेवून बॉनेट अलगद लावतो आणि उघडून बघतो, दबल्याची खूण आलीय का.

मागंपुढं कलण्याचा कोन ठरवायलाही सोपी युक्ती आहे. कार्बोरेटरच्या इंजिनात कार्बोरेटर ज्या सपाट बैठकीवर बसतो ती बैठक इंजिन गाडीत कललेलं असताना लेव्हलला यावी अशी बनवलेली असते, नाहीतर फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल एका अंगाला राहील. हेड आणि मॅनिफोल्ड तात्पुरते लावा, बैठकीवर साधी गवंड्याची लेव्हल ठेवा, बुडबुडा मध्ये आला की इंजिन जवळपास बरोबर कललं. बारीक दुरुस्ती शाफ्टच्या कोनानं करायची.

रबराला काय सोसावं लागतं

आता थोडा हिशेब. कंटाळू नका, यातूनच कळतं की डावं-उजवं रबर सारखं का नसतं.

समजा इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून १३० किलो आहे. पुढच्या दोन माउंटिंगवर त्याचा साधारण दोन तृतीयांश भार येतो, म्हणजे प्रत्येकावर ४३ किलो. समजा इंजिन ८० न्यूटन-मीटरचा टॉर्क देतं आणि पहिल्या गिअरचं प्रमाण साडेतीन आहे. गिअरबॉक्समधून शाफ्टला मिळतो २८० न्यूटन-मीटर. जेवढ्या जोरानं शाफ्ट फिरतो तेवढ्याच जोरानं इंजिन-गिअरबॉक्सचा सांगाडा उलट्या बाजूला फिरू बघतो. दोन माउंटिंगमध्ये अंतर ५० सेंटिमीटर धरलं तर एका बाजूला ५६० न्यूटन वर आणि दुसऱ्या बाजूला तितकेच खाली. ५६० न्यूटन म्हणजे सुमारे ५७ किलो.

क्रँक समोरून बघितला तर घड्याळाच्या दिशेनं फिरतो, म्हणून ब्लॉक उलटा फिरू बघतो आणि गाडीची डावी बाजू उचलली जाते. डाव्या रबरावर ४३ किलो खाली होते, आता ५७ वर. म्हणजे ते १४ किलोनं ताणलं जातंय. उजव्यावर ४३ अधिक ५७, म्हणजे १०० किलो. गिअरबॉक्सचं रबर यातला थोडा भाग घेतं, पण चढावर क्लच झटकन सोडला तर हे आकडे दुप्पट होतात. म्हणून ड्रायव्हरच्या बाजूचं रबर दबून चपटं होतं आणि शेजारच्या बाजूचं फाटतं. त्या मुलाच्या गाडीत ९ मिमी आणि ४ मिमी का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, लोखंडाला नुसतं चिकटवलेलं रबर डाव्या बाजूला उघडं ठेवू नये. ते फाटलं तर इंजिन उचलणार, पंखा रेडिएटरला लागणार, ॲक्सिलरेटरची केबल ओढली जाणार. ओढलेली केबल म्हणजे आपोआप दिलेली रेस. त्यावर एक पट्टी अशी घाला की रबर पूर्ण फाटलं तरी इंजिन १० मिमीपेक्षा वर येऊ नये. एरवी त्या पट्टीचा रबराला स्पर्शही होता कामा नये. दुसरी गोष्ट, रबर आडवं सपाट न ठेवता ३० ते ४५ अंश कलवून, दोन्हींचे चेहरे इंजिनाकडं करून बसवलं तर वजन अर्धं दाबातून आणि अर्धं घसरणीतून जातं. असं रबर जास्त वर्षं टिकतं आणि गाडी गप्प राहते.

रबर निवडताना

इंजिनाच्या वजनाला जुळणारं रबर घ्या, भोकाला जुळणारं नव्हे. डिझेल जीपचं जाडजूड रबर "मजबूत आहे" म्हणून हलक्या पेट्रोल इंजिनाला लावलं की ते रबर राहत नाही, लाकडाचा ठोकळा होतो.

मी असं तपासतो. नवं रबर मोकळं असताना उंची मोजतो. त्यावर इंजिनाचा भार देतो, एक रात्र तसंच ठेवतो आणि सकाळी परत मोजतो. ३ ते ५ मिमी दबलं पाहिजे. यामागं कारण आहे. रबरावर बसलेलं इंजिन वरखाली झुलायचा स्वतःचा वेग घेऊन येतं, आणि तो ढोबळमानानं १५.८ ला दबलेल्या मिलिमीटरच्या वर्गमुळानं भागलं की मिळतो. ४ मिमी दबलं तर सेकंदाला सुमारे ८ झोके. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर आयडलला (रेस न देता चालू) असताना मिनिटाला १६०० स्फोट, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ धक्के देतं. धक्के झोक्यांच्या अडीचपट किंवा जास्त असले की बॉडीला कंप फारसा पोचत नाही. रबर १ मिमीच दबलं तर झोके जवळपास १६ होतात आणि आयडलला आरसा थरथरतो. अगदी ०.३५ मिमीच दबलं तर झोके २७ च्या घरात जातात, दोन्ही एक होतात आणि गाडीत बसवत नाही.

कडकपणा शोअर ए मोजमापात ५० ते ६० च्या आसपास असलेलं नैसर्गिक रबर रोजच्या गाडीला चांगलं. नैसर्गिक रबराचा शत्रू म्हणजे तेल. टॅपेट कव्हरमधून गळणारं इंजिन नव्या रबरावर बसवू नका, आधी गळती बंद करा. हल्ली मुलं पीयूची (पॉलियुरेथेनची) माउंटिंग मागतात. ती रेसच्या गाडीत ठीक, पण पद्मिनीच्या पातळ पत्र्यावर त्यांचा सगळा कंप जाऊन पोचतो. आणि पुढं पीयू, मागं गिअरबॉक्सला मऊ रबर अशी जोडी तर कधीच लावू नका. सगळी मुरड गिअरबॉक्सच्या केसिंगवर येते.

आणखी एक. असं रबर घ्या की जे दहा वर्षांनी तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानातही मिळेल. ११८ एनईचं खास रबर आज मोठ्या कष्टानं मिळालं तरी पुढच्या वेळी कुठून आणणार? ब्रॅकेट आपण बनवणारच आहोत, तर ते चालू गाड्यांच्या रबराला जुळवून बनवावेत.

ब्रॅकेट

आधी पुठ्ठा. लग्नपत्रिकेसारखा जाड पुठ्ठा कात्रीनं कापून इंजिनाच्या भोकांपासून रबरापर्यंतचा आकार करायचा. पुठ्ठा बसला की ६ मिमीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटवर उतरवायचा. ब्लॉकवर माउंटिंगसाठी जितकी भोकं दिली आहेत तितकी सगळी वापरा. टायमिंग कव्हरच्या किंवा चेंबरच्या बोल्टांवर वजन टांगू नका.

माझ्या सगळ्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग इथं येतो. ब्रॅकेट जागेवर टाकायला खरं रबर वापरायचं नाही. वेल्डिंगच्या आचेनं ते करपतं, आणि वजन पूर्ण नसल्यामुळं दबलेलंही नसतं. मी पाइपचे दोन तुकडे लेथवर घेतो, रबर दबल्यावर जितकं उरेल बरोबर तितक्या उंचीचे. मोकळं रबर ४० मिमी आणि दबणार ४ मिमी, तर पाइप ३६ मिमीचा. त्याला दोन्ही बाजूंना स्टड. हे खोटं रबर बोल्टानं घट्ट बसवायचं, त्यावर ब्रॅकेट ठेवायचा, इंजिन ठोकळ्यांवर आपल्या जागी असताना वेल्डिंगचे चार टाके मारायचे. मग ब्रॅकेट बाहेर काढून टेबलावर, खोट्या रबरासकट आवळलेल्या अवस्थेत पूर्ण वेल्डिंग करायचं, म्हणजे आचेनं वाकत नाही. तिरप्या पट्ट्या दोन्ही अंगांना द्या. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा, पेट्रोलची टाकी आणि पाइप यांचा विचार करा, हाताशी वाळूची बादली ठेवा, पाण्याची नको.

गाडीच्या बाजूचं काम याहून नाजूक. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळं पेलते. त्या पत्र्यावर नवं माउंटिंग नेऊन चिकटवलं की भार एका बिंदूवर येतो. खाली ३ मिमीची मोठी पाठप्लेट द्या, तळहातापेक्षा मोठी, आणि तिचे कोपरे गोल करा. हे मी माझ्या चुकीतून शिकलो. २००४ मध्ये केलेल्या एका गाडीला मी चौकोनी प्लेट दिली. ४००० किलोमीटरनंतर मालक रिव्हर्सला टक टक आवाज येतो म्हणून परत आला. प्लेटच्या टोकदार कोपऱ्यातून बॉडीच्या पत्र्यात केसाएवढी चीर निघून बोटभर लांब गेली होती. त्या माणसाच्या घरची लहान मुलं त्या गाडीतून शाळेत जात होती. ती प्लेट मी त्याच दिवशी कापून काढली आणि पुढचं सगळं काम पैसे न घेता केलं. पोकळ भागातून बोल्ट आरपार जात असेल तर आत पाइपची बाही घाला, नाहीतर बोल्ट आवळताना पत्रा चेपतो आणि महिन्याभरात बोल्ट ढिला होतो.

बोल्टाच्या डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा असल्याशिवाय वापरू नका. १० मिमीचा ८.८ चा बोल्ट ४५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. नायलॉन असलेला नट एकदा काढला की फेकायचा. बोल्ट बिडाच्या ब्लॉकमध्ये निदान आपल्या जाडीच्या दीडपट आत गेला पाहिजे.

मागचं माउंटिंग आणि शाफ्ट

गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर नव्यानं करताना बोल्टाची भोकं लांबट ठेवा, कोन जुळवायला उपयोगी पडतात. गिअरबॉक्सच्या टोकाचा कोन आणि डिफरन्शिअलच्या फ्लँजचा कोन एकमेकांना समांतर पाहिजेत. गिअरबॉक्स ३ अंश खाली बघत असेल तर फ्लँज ३ अंश वर बघायला हवा, फरक १ अंशापर्यंत चालतो. शाफ्ट प्रत्येक जॉइंटला १ ते ३ अंश वाकलेला असावा. अगदी शून्यही नको, जॉइंट क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी घासून खड्डे पडतात. पद्मिनीचा मागचा ॲक्सल पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसलेला आहे, म्हणून हे सगळं गाडी चाकांवर उभी असताना मोजायचं, घोडीवर असताना नाही. शाफ्ट कमीजास्त करून बॅलन्स केल्याशिवाय माउंटिंगला दोष देऊ नका. ६० च्या वेगाला येणारी घरघर शाफ्टची असते, आयडलला येणारी थरथर रबराची.

आवळण्याचा क्रम : आधी तिन्ही माउंटिंगचे बोल्ट हातानं लावायचे. मग चेन कप्पी पूर्ण सोडायची, इंजिन दोन्ही हातांनी धरून आडवं-उभं हलवायचं, रबरांना आपापली जागा घेऊ द्यायची. आणि मगच आवळायचे, मागचं आधी. पिळलेल्या अवस्थेत आवळलेलं रबर वर्षसुद्धा टिकत नाही.

अर्थिंगची वायर

रबर वीज जाऊ देत नाही. इंजिन तीन रबरांवर बसलं म्हणजे ते बॉडीपासून विजेच्या दृष्टीनं तुटलं. ब्लॉकपासून बॉडीपर्यंत जाड विणलेली अर्थ पट्टी लागते. एका दुसऱ्या गॅरेजात कन्व्हर्जन झालेली गाडी माझ्याकडं आली, स्टार्टर मारला की ॲक्सिलरेटरच्या केबलमधून धूर. स्टार्टरचा सगळा करंट त्या बारीक तारेतून बॉडीकडं जात होता, बाहेरचं प्लॅस्टिक वितळून तार लाल झाली होती. शेजारी पेट्रोलचा पाइप. अर्थ पट्टी ही माउंटिंगचाच भाग समजा आणि इंजिन पहिल्यांदा सुरू करायच्या आधी लावा. सायलेन्सरच्या पाइपचा पहिला क्लँप गिअरबॉक्सला द्या, बॉडीला नाही. पाण्याच्या आणि पेट्रोलच्या पाइपांना थोडा झोल ठेवा.

दुसऱ्या गाड्यांबद्दल थोडक्यात

ॲम्बॅसॅडरमध्ये इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन कंपनीनंच दिलं होतं. तेव्हा जुन्या १४८९ सीसीच्या गाडीत ते टाकायचं असेल तर कंपनीचेच ब्रॅकेट आणि क्रॉस मेंबर शोधा, नवं काही बनवू नका. फक्त आटे बघा. जुन्या इंजिनाचे बोल्ट इंची, इसुझूचे मेट्रिक. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिमीचा असतो, डोळ्यांना ८ मिमीचाच वाटतो, दोन फेरे जातोही आणि मग ब्लॉकचे आटे खातो. जुन्या जीपमध्ये डिझेल टाकताना पुढचा ॲक्सल पाट्यांवर असतो आणि खड्ड्यात तो चेंबरकडं उचलला जातो हे लक्षात ठेवा. तिथं चपलेच्या सोलाचं अंतर पुरत नाही, पाट्या पूर्ण दाबून मोजावं लागतं.

आणि कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं गाडीत असा बदल करताना आरटीओची परवानगी लागते आणि नव्या इंजिनाचा नंबर आरसी बुकात चढावा लागतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालणार नाहीत असं बजावलं आहे. म्हणून इंजिन विकत घ्यायच्या आधी आरटीओत जाऊन लेखी विचारा, इंजिनाचं बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिचे कागद घ्या, विमा कंपनीला कळवा. परवानगी हातात नसताना मी पत्रा कापत नाही. त्या मुलालाही आधी तिकडंच पाठवलं होतं. गाडी माझ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली थांबली आणि कागद झाल्यावरच चेन कप्पी चढली.

सुरू केल्यावर

पहिलं काम बॉनेट उघडं ठेवून. हँडब्रेक ओढा, चाकांना ओट (अडकणीचे ठोकळे) लावा, पायानं ब्रेक दाबून धरा. पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी हळू सोडत पकड येईपर्यंत आणा. दुसऱ्या माणसानं बाजूला उभं राहून इंजिन बघायचं, गाडीच्या पुढं किंवा मागं कुणीही उभं राहायचं नाही. डावी बाजू ५ ते १० मिमी उचलली तर ठीक. त्याहून जास्त उचलून पट्टीला अडली तर रबर मऊ आहे. मग रिव्हर्स टाकून तेच, आता उजवी बाजू उचलली जाईल. दोन्ही वेळा पट्टीशी कुठं लोखंडाला लोखंड लागत असेल तर ठक असा आवाज येतो, तो कानानं नाही तर ब्रॅकेटजवळच्या पत्र्यावर हात ठेवून लगेच कळतो.

सगळे बोल्ट आवळून झाले की प्रत्येक नटावरून ब्रॅकेटवर जाणारी पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढा. ५० किलोमीटरवर एकदा आणि ५०० वर एकदा खाली वाकून रेघा बघा. रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट फिरला.

गडहिंग्लजच्या गाडीला माझ्याकडं ११ दिवस लागले. महिन्यानं तो परत आला तेव्हा शेजारच्या सीटवर आजोबा होते, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून. मी गाडी खड्ड्यावर घेतली आणि बॅटरीच्या उजेडात दहाही रेघा पाहिल्या. नऊ सरळ होत्या. क्रॉस मेंबरच्या उजव्या बोल्टाची रेघ अर्धा मिलिमीटर सरकली होती. तो नट काढून टाकला, नवा घातला, ४५ वर आवळला आणि नवी रेघ ओढली.